दाराजवळची खुर्ची

सोमवार, ३ मार्च

दाराजवळच्या खुर्चीवर आता माणूस नाही, दिवा बसणार! अभ्यासाच्या टेबलावर असतो तसला, लाल टोपीचा. नव्या बाईंनी घरून आणला. पिशवीतून काढला, खुर्चीवर ठेवला, वायर खोचली, बटण दाबून पाहिलं. लागला. आम्ही पाचही जण आपापल्या स्क्रीनमागे तोंडं लपवून बघत होतो.

बाई म्हणजे आमच्या विभागाच्या नव्या प्रमुख. जुने साहेब निवृत्त झाल्यापासून ‘कोणीतरी बाहेरून येणार, सगळं बदलणार’ अशी आवई होती, त्या या. आवाज हळू, बोलणं स्वच्छ. म्हणाल्या, "काम करताना कोणालाही वाटलं की काहीतरी चुकतंय, तर उठायचं आणि हा दिवा लावायचा. सगळ्यांनी हात थांबवायचे. कारण नंतर बघू. लावणाऱ्याला कोणी बोल लावणार नाही, माझा शब्द."

शब्द! आम्ही काय आज जन्मलोय? आणि ठेवायला जागा तरी कुठली शोधली — तीच खुर्ची!  जुन्या साहेबांचा नियमच होता : ज्याच्या हातून प्रोग्रॅम बिघडला त्याने आपलं टेबल सोडून दाराजवळ बसायचं. दुसऱ्या कोणाच्या हातून बिघडेपर्यंत. दार उघडलं की ते गुडघ्यावर आपटायचं. खालच्या गोदामातली माणसं कागद घेऊन वर यायची आणि हसून विचारायची, "काय, या खेपेला तुम्ही का?" एका पावसाळ्यात मी तिथे बसले ती थेट थंडी पडेपर्यंत. दुसरं कोणी चुकेचना! लोक देवाकडे काय काय मागतात. मी दुसऱ्याची चूक मागायचे.

बाईंना कोणीतरी सांगितलं असणार खुर्चीचं. म्हणूनच दिवा तिथे ठेवला असेल. हेतू चांगला असेलही. पण त्या खुर्चीपर्यंत चालत कोण जाणार?

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. नाकात नळी, मांडीवर शेजाऱ्यांचं बंद पडलेलं घड्याळ. दुकान विकलं तरी हात स्वस्थ बसत नाहीत. एकदम ताठ झाले. "खुर्ची सुटली? अगं, मग अण्णांना फोन कर! त्यांच्याइतका आनंद कोणाला होणार नाही."

खरंच आहे. आमचा प्रोग्रॅम मुळात लिहिला तो अण्णांनी, आणि मला हाताला धरून शिकवलं तेही त्यांनीच. खोलीतल्या कोणाचीही चूक असो, साहेब यायच्या आत अण्णा स्वतःच उठून त्या खुर्चीवर जाऊन बसायचे. "माझीच जागा आहे ती, तुम्ही मध्ये मध्ये करू नका," म्हणायचे. मी बसले ती त्यांच्या निवृत्तीनंतर. वाचवायला कोणी उरलंच नव्हतं.

उद्या करते फोन.


मंगळवार, ४ मार्च

अण्णांना फोन राहिला.


गुरुवार, ६ मार्च

आगीतून फुफाट्यात.

आजपर्यंत आमची पद्धत अशी की सहा-सहा महिने काम साठवायचं आणि एका शनिवारी सगळं एकदम चालू करायचं. मग रविवारभर जीव मुठीत धरून बसायचं. सोमवारी गोदामातून आरडाओरडा सुरू झाला की समजायचं, कुठेतरी फुटलं. आमचा प्रोग्रॅम काही खेळातला नाही. कंपनी घरोघरी ऑक्सिजन पोचवते. कोणाच्या घरी, कोणत्या दिवशी, किती सिलिंडर आणि कोणत्या गाडीतून जाणार ते सगळं तो ठरवतो. त्याने एखादं नाव गाळलं तर तिथे गाडी जात नाही. इतकं साधं आहे आणि म्हणूनच इतकी भीती वाटते.

बाईंचं म्हणणं, साठवायचं नाही. रोज थोडंसं बदलायचं, रोज चालू करायचं. म्हणजे पूर्वी सहा महिन्यांतून एकदा मरायचो, आता रोज!

शिवाय एका कॉम्प्युटरवर दोघांनी बसायचं. एकाने लिहायचं, दुसऱ्याने बघायचं आणि बोलायचं. माझ्या वाट्याला आला मौनीबुवा. तीस वर्षांत या माणसाच्या तोंडून तीस वाक्यं ऐकली नसतील. त्यात निम्मी ‘हं’. दिवसभर खांद्याला खांदा लावून बसलो. मी चुकीची ओळ लिहिली तेव्हा त्याने नुसता श्वास घेतला. मला दरदरून घाम फुटला.

आणि तिसरं : प्रत्येकाने एक दिवस सिलिंडरच्या गाडीतून फिरायचं. "तुम्ही लिहिता त्याचं खाली काय होतं ते बघा," बाई म्हणाल्या. माझी पाळी १९ तारखेला. घरी बाबांचा सिलिंडर येतो तेव्हा गाडीवाला दिसतो तेवढा मला पुरे आहे. अनोळखी घरांत शिरून माणसांना धापा टाकताना बघायचं? नको गं बाई.


सोमवार, १० मार्च

आज मी खोटं बोलले. तोंडाने नाही, मानेने.

बाईंनी विचारलं, "नवीन काही लिहिलं की ते तपासता कुठे?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. तपासायला वेगळी प्रत कधी कोणी करूच दिली नाही. जुने साहेब म्हणायचे, कशाला हवेत दोन संसार? तेव्हा चालू प्रोग्रॅममध्येच आम्ही खोटे पेशंट घालून ठेवलेत. श्री. दोडके, सौ. भोपळे, कु. कारले. अख्खी मंडई आहे! त्यांच्या नावावर सिलिंडर मागवायचा, प्रोग्रॅम नीट वागतो का बघायचं आणि गाडी निघायच्या आत ऑर्डर रद्द करायची. कधीतरी रद्द करायचं राहतं आणि गाडीवाला सौ. भोपळ्यांचं घर शोधत फिरतो. मग खुर्ची.

बाईंनी कपाळाला हात लावला. पण ओरडल्या नाहीत. "वेगळी प्रत मी करून घेते. तोवर ही खोटी माणसं चालू प्रोग्रॅममधून काढून टाकू." मग एकेकाकडे बघत विचारलं, "यांत खरं माणूस कोणी नाही ना?"

मी की-बोर्डकडे बघितलं. कारण दोडक्या-भोपळ्यांवर सगळं कळत नाही. खऱ्या पेशंटच्या खात्यात डॉक्टरांची चिठ्ठी असते, घरी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन असतं त्याचा नंबर असतो, मागचं-पुढचं सगळं असतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी बाबांना नळी लागली तेव्हापासून मी सगळं बाबांच्या खात्यावर करून बघते. बापच तो, रागावून जाईल कुठे? आणि मी फार जपून करते. पण हे बाईंना सांगू? खऱ्या पेशंटवर, तेही सख्ख्या बापावर?

मी मान हलवली. नाही. आधी मौनीबुवाने हलवली, मग मी, मग सगळ्यांनी.


बुधवार, १२ मार्च

खोटी माणसं ओळखायची कशी, याचा नियम मला आणि मौनीबुवालाच करायचा होता. नाव बघून भागत नाही. दोडके नावाची खरी माणसंही असतात! मीच सुचवलं : ज्यांच्या ऑर्डर आमच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून टाकल्या जातात आणि पुन्हा पुन्हा रद्द होतात, ते खोटे. खऱ्या पेशंटच्या ऑर्डर खालच्या काउंटरवरून येतात. मौनीबुवा म्हणाला, "हं." म्हणजे उत्तम.

नियम चालवला. नावं एकाखाली एक उतरली. दोडके, भोपळे, कारले, आणि मध्येच बाबा.

 कितीदा टाकलं आणि रद्द केलं असेल मी बाबांच्या नावावर! मौनीबुवा शेजारीच. त्याने नाव वाचलं का? आडनाव माझंच. त्याच्या चेहऱ्यावर कधी काही दिसलंय म्हणून आज दिसणार? थोड्या वेळाने तो पाणी प्यायला उठला. मी झटक्यात बाबांचं खातं वगळलं. घाईत दोनदा चुकीची कळ दाबली. तो आला तेव्हा मी चष्मा पुसत होते. चोराच्या मनात चांदणं!

मग मी चहा आणायला गेले. परत आले तर तो घाईघाईने स्क्रीन वर-खाली करत होता. मला बघून थांबला. मला वाटलं, संपलं. कळलं याला. पण काही बोलला नाही. नेहमीसारखाच.

झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाचं काही बिघडलं नाही. बाबा यादीत नाहीत, एवढं खरं.


सोमवार, १७ मार्च

आज यादी पुन्हा तपासली. एकेक खातं उघडून. गुरुवारी ही सगळी नावं कायमची निघणार.

शेवटचं खातं अण्णांचं. ते बघून दोघंही हसलो. मौनीबुवासुद्धा! अण्णांनी प्रोग्रॅम लिहिला तेव्हा पहिला खोटा पेशंट म्हणून स्वतःचंच नाव घातलं होतं. स्वतःचा पत्ता, स्वतःचा फोन. "दुसऱ्या कोणाला कशाला आजारी पाडायचं?" म्हणायचे. आमच्या खोलीत आलेल्या प्रत्येकाने पहिला धडा अण्णांच्या नावावर गिरवला. शेकड्याने ऑर्डर आणि तितक्याच रद्द. यापेक्षा खोटा पेशंट त्रिभुवनात मिळायचा नाही.

पण एक गोष्ट खटकली. थंडीपासूनच्या अलीकडच्या ऑर्डर रद्द झालेल्या नाहीत. एक दिवसाआड टाकलेल्या, तशाच पुढे गेलेल्या. कुठल्या कॉम्प्युटरवरून टाकल्या, ते उघडून बघितलं नाही.

मला वाटलं, मौनीबुवाचं काम. तो काहीतरी तपासत असणार आणि रद्द करायचं विसरत असणार. विचारावं असं ओठावर आलं. पण विचारलं असतं तर सगळ्यांपुढे त्याची चूक निघाली असती. बिचाऱ्याच्या निवृत्तीला थोडे महिने उरलेत. शिवाय त्यावरून विषय वाढला असता. कोण कोणाच्या खात्यावर काय करतं, आणि बाबांचं नाव यादीतून कसं गेलं, तेही आलंच असतं मग. तोही त्या ओळींकडे बघत होता. मग माझ्याकडे. मग दोघंही खाली.

मी दिव्याकडे बघितलं. चार पावलांवर तो. आणि त्याच्याखाली ती खुर्ची, हाताच्या कडेला माझ्याच नखांनी पोपडे काढलेली. पाय उचलेना. खरंच उचलेना. पन्नाशी उलटलेली बाई मी, प्रोग्रॅम लिहिते, बापाचं सगळं करते, आणि एका लाकडी खुर्चीला भिते!

मौनीबुवाने विचारलं, "पुढे?" मी म्हटलं, "पुढे."


बुधवार, १९ मार्च

गाडीतून जायचं टाळलं. बाबांना बरं नाही सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्यांच्याजवळ थांबा, गाडी काय, पुढच्या आठवड्यात." बाबा ठणठणीत. मला दिवसभर घरात बघून म्हणाले, "आजारी मी आणि रजा तुला? हा न्याय बरा आहे!"

मग म्हणाले, "अण्णांना केलास का फोन?" नाही म्हटलं. "थंडी सुरू झाल्यापासून आलेच नाहीत गं. दोन जिने चढून यायचे, बुद्धिबळात हरायचे आणि चिडून जायचे. कशावरून रागावले असतील?"

रागावणारे नव्हेत अण्णा. पण करायला हवा फोन.


गुरुवार, २० मार्च

झालं! खोटी नावं गेली. काही फुटलं नाही!

सकाळी मौनीबुवाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि मी कळ दाबली.  दुपारपर्यंत कान खालच्या गोदामाकडे. सिलिंडर खणखणत होते, गाड्या निघत होत्या, आरडाओरडा नाही. एकही फोन नाही. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. "बघा, छोटं पाऊल टाकलं तर कोणी पडत नाही," म्हणाल्या. मला म्हणाल्या, "नियम छान सुचला तुम्हाला."

बाबांचा सिलिंडर वेळेवर आला होता. मी घरी गेल्यावर आधी तो बघितला, मग चपला काढल्या.


शुक्रवार, २१ मार्च

आज भीती वाटली नाही. लिहून ठेवते. पुन्हा कधी असं लिहायला मिळेल देव जाणे.


रविवार, २३ मार्च

दुपारी अण्णांना फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. झोपले असतील. बाबा म्हणाले, "पुन्हा लाव." मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना झोपेतून कशाला उठवायचं? उद्या लावते.


सोमवार, २४ मार्च

रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर कसं येतंय बघतही नाही. लिहिलं नाही तर वेड लागेल.

सकाळी ऑफिसला निघत होते तेवढ्यात बाबांचा सिलिंडर घेऊन गाडीवाला आला. नेहमीपेक्षा लवकर. मी सहज म्हटलं, आज काय विमानाने आलात? तो म्हणाला, "तुमच्या आधीचं एक घर बंद झालं ना, ताई. यादीतून गेलं. गेले असतील बिचारे. चांगले होते हो. दर वेळी सांगायचे, ‘तुमच्या हातातली यादी आहे ना, ती माझ्या प्रोग्रॅमने काढलीय.’ बुधवारी तुम्ही गाडीत येणार होतात तेव्हा त्यांच्याकडेच पहिली फेरी होती."

मी विचारलं, कोण? विचारायची गरज नव्हती. त्याने गल्ली सांगितली, तळमजला सांगितला, दारातली सायकल सांगितली.

अण्णा खोटे नव्हते. अण्णा खरे होते! त्या ऑर्डर मौनीबुवाच्या नव्हत्या, अण्णांच्या स्वतःच्या होत्या. एक दिवसाआड, थंडीपासून. आणि मी कळ दाबली होती.

 मी गाडीवाल्याचा हात धरला. म्हटलं, आत्ता चला तिथे, सिलिंडर घेऊन. तो गडबडला. "यादीत नाही, ताई. गाडीतले मोजून दिलेले असतात, दुसऱ्या घरचं माणूस खोळंबेल." बरोबरच होतं त्याचं. तेवढ्यात आतून बाबांचा आवाज. "आत्ता आणलास तो माझा झाला ना? तो घेऊन जा. माझं मशीन चालू आहे." मी म्हटलं, बाबा, रात्री? तुम्हाला मशीनच्या आवाजात झोप लागत नाही. "नाही लागली तर घड्याळ दुरुस्त करीन. तू जा आधी!"

गाडीत पुढे बसले. त्याच गाडीत, जिच्यात बसायला नको म्हणून बाप आजारी पाडला होता. सिग्नल लागला की मी पुटपुटत होते. काय पुटपुटत होते आठवत नाही.

अण्णा दार सताड उघडून दाराशीच खुर्ची घेऊन बसले होते. हवेसाठी. ओठ जांभळे, खांदे प्रत्येक श्वासाला वर जात होते. शेजारी सिलिंडर, काटा शून्याला टेकायला आलेला. मागे काकू, अण्णांच्या पत्नी; त्यांनी मला बघितलं आणि रडायलाच लागल्या. "शुक्रवारपासून गाडी नाही गं. होता तोच पुरवून वापरतायत. धार बारीक केली, मग अजून बारीक केली. फोन करू म्हटलं तर माझा हात धरून ठेवतात. करूच देईनात! वायरसुद्धा काढून ठेवली." गाडीवाल्याने सिलिंडर जोडला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, ओळखलं, काहीतरी बोलायला गेले. आवाज फुटला नाही. नुसती मान हलवली — नाही, नाही, अशी. कशाला नाही?

रुग्णवाहिकेतून आणलं. मास्क लावलाय. डॉक्टर म्हणतात, आजची रात्र निघू दे.

काकू म्हणाल्या, थंडीत छाती भरली ती तेव्हापासूनच नळी लागली. कोणाला कळवू दिलं नाही. "माझ्या खोलीतल्या पोरांनी मला असं बघायचं नाही," म्हणाले.


मंगळवार, २५ मार्च

रात्र निघाली.

सकाळी ऑफिसात गेले. कोणाशी बोलले नाही, पर्स टेबलावर ठेवली नाही, सरळ दाराजवळच्या खुर्चीकडे गेले आणि दिवा लावला.  लावून तिथेच उभी राहिले. खोलीतला टकटकाट एकेक करून थांबला.

सगळं सांगितलं. अण्णांचं आणि बाबांचं. बाबांना यादीतून गुपचूप काढलं तेही. तेव्हाच तोंड उघडलं असतं की या यादीत खरी माणसंही सापडतात, तर नियमच थांबला असता. एकेका घरी फोन गेला असता. मी फक्त माझं माणूस उचललं आणि बाकीच्यांवर कळ दाबली.

 मग मौनीबुवा उठला. "माझ्या सासूबाई," म्हणाला. "यादीत होत्या. मीही काढल्या. तुम्ही चहाला गेलात तेव्हा."  "अण्णांच्या त्या ऑर्डर मला तुमच्या वाटल्या. म्हटलं, रद्द करायचं विसरल्या असतील. बोललो तर यांची फजिती." तीस वर्षांत एवढं सलग बोललेलं ऐकलं नव्हतं. तो रडत होता.

एका कॉम्प्युटरवर दोघं, खांद्याला खांदा लावून! एकमेकांची अब्रू राखत होतो.

बाईंनी आधी पुसलेली सगळी नावं परत घातली, एकेक फोन करायला लावला. दोडके, भोपळे सगळे खोटेच निघाले. खरे एकटे अण्णा. खालच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ते आले तेव्हा नाव टाकून बघितलं तर खातं होतंच. मग नवीन कशाला उघडू? तेही हसले, म्हणाले, ‘माझं खातं सगळ्यांत जुनं आहे, तेच चालू द्या.’"

बाई ओरडल्या नाहीत.  मला म्हणाल्या, "मी विचारलं होतं, खरं माणूस कोणी आहे का. तुम्ही मान हलवलीत. का?"

मी खुर्चीकडे बोट दाखवलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग दिवा उचलून खोलीच्या मधोमध, सगळ्यांच्या हाताला येईल अशा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. मी तो तुमच्या भीतीवरच नेऊन ठेवला होता."

माझी नोकरी राहते की जाते, माहीत नाही. वरच्या साहेबांपुढे उद्या जायचंय. बाई म्हणाल्या, मी तुमच्याबरोबर येते. नोकरीची भीती वाटायला हवी, पण वाटत नाही. अण्णा डोळे उघडून काय म्हणतील, त्याची वाटते. काकूंना फोन का करू दिला नसेल? इतके रागावले असतील आमच्यावर?


बुधवार, २६ मार्च

ताप आहे अण्णांना. काचेतून बघितलं.


शुक्रवार, २८ मार्च

आज मास्क काढून नळी लावली. बोलता येतं, दोन शब्दांनंतर दम घेऊन. मी पायांशी उभी होते. मला बघितलं आणि पहिलंच विचारलं, "दाराशी कोणाला बसवलं?"

मी म्हटलं, अण्णा, फोन का नाही करू दिलात?

"पहिल्या दिवशी वाटलं, पोरांची टेस्ट चालली असेल. माझ्याच नावावर करतो की आपण. करतील परत." दम. "मग समजलं, कोणाचा तरी हात चुकलाय. तक्रार गेली असती तर साहेबांनी शोधून काढलं असतं." माझा हात थोपटला. "पुन्हा तुला बसवलं असतं गं तिथे."

खुर्ची सुटलीय, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगणार होते.